बारावा दगड आणि उलटी हवा

आमच्या धावपट्टीच्या कडेनं वारुळं उगवायची. आज फावड्यानं सपाट करावं, तर आठवड्यात पुन्हा गुडघाभर! किस्स्यांचंही तसंच असतं. एक सांगून मोकळं व्हावं म्हटलं, की त्याच्या पोटातून दुसरा डोकं काढतो. आता वारुळात मुंगी किती आणि माती किती हे फोडल्याशिवाय कळत नाही. माझी विनंती एवढीच, की फोडू नका. लांबून बघा, छान दिसतं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. चांद्याच्या बाहेर (चंद्रपूर हे नाव नंतरचं) मूल गावाकडच्या रस्त्याला एक मुरमाची पट्टी होती. लढाईच्या काळात कुणीतरी घाईघाईनं ठोकलेली. ती एका कंपनीनं चालवायला घेतली होती. कंपनीजवळ विमान एकच, लढाईतून उरलेलं, दोन इंजिनांचं डाकोटा. ते नागपूरहून यायचं, यंत्रांचे सुटे भाग उतरवायचं आणि सर्व्हेच्या माणसांना घेऊन सूरजागडच्या डोंगरांवर घिरट्या घालायचं. डोंगरातलं लोखंड वरून कसं दिसतं हे मला आजवर कळलेलं नाही. पण पगार चालू होता, म्हणून मी विचारलं नाही.

पट्टीच्या कडेला शंभर-शंभर पावलांवर चुना फासलेले बारा दगड होते, पहिला चांद्याच्या बाजूचा. बाराव्या दगडापुढे तीसेक पावलं झुडपं, त्यात एक मोहाचं झाड, आणि मग नाला. दोन पुरुष खोल, तळाला काळे खडक. विमान आलं की ते कितव्या दगडाशी थांबतं यावर आमचं त्या दिवशीचं जेवण जायचं की नाही ते ठरायचं.

माणसं आम्ही मोजकी. मी स्टोअरचा बाबू. विमानाची देखभाल करणारे रहीममिस्त्री, चांद्याचेच, लढाईत विमानदळाच्या वर्कशॉपात हात काळे करून लायसन मिळवलेले. चौकीदार मडावीभाऊ, जे आधी पंचवीस वर्षं आल्लापल्लीच्या जंगलातून बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, सागवान ओढत होते. आणि विमान चालवणारे कॅप्टन पिंगळे, नागपूरचे. आवाज इतका हळू, की आग लागली तरी हा माणूस "जरा ऐकता का" असं म्हणूनच सांगेल, अशी आमची खात्री होती.

*

पहिल्यांदा विमान बाराव्या दगडापुढे गेलं ते दवामुळे. सकाळची वेळ, गवत ओलं. मी दगड मोजत होतो. आठ... नऊ... दहाला वेग तोच... अकरा... बारा! पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा विमान मोहाच्या झाडाला खेटून उभं होतं आणि त्याचं नाक नाल्यावर वाकलेलं. तहानलेल्या म्हशीसारखं!

आम्ही धापा टाकत पोचलो. कॅप्टन शिडीनं खाली उतरले, कडेशी गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले,

"मिस्त्री, तुमच्या या नाल्यात मासे आहेत का हो?"

मी त्यांना खोलीत बसवून चहा दिला. तेव्हा कळलं. कप बशीवर कडकड कडकड वाजत होता. माणूस शांत, कप घाबरलेला! त्या दिवसापासून मी त्यांना चहा दिला तो बशीशिवाय. त्यांनी कधी मागितली नाही, मी कधी सांगितलं नाही.

*

दुसऱ्यांदा गायी आडव्या आल्या. विमान उशिरा टेकलं, आणि पुन्हा नाक नाल्यावर.

मग नागपूरच्या हेडऑफिसातून मोठ्या साहेबांचं पत्र आलं. हे साहेब विमानांबद्दल फार सुंदर पत्रं लिहीत. स्वतः मात्र कायम रेल्वेनं येत. त्यांच्या पत्रातलं ते एक वाक्य मला झोपेतून उठवलंत तरी म्हणता येईल.

'विमानाचे नाक तिसऱ्यांदा बाराव्या दगडापुढे गेल्यास पट्टी कायमची बंद करण्यात येईल, आणि ब्रेकची जबाबदारी असलेल्या मेकॅनिकचे लायसन रद्द करण्याची शिफारस करण्यात येईल.'

मी मोठ्यानं वाचलं. रहीममिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"आन दव पडलं त्याची जबाबदारी कोनाकडे आहे बाबू?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"गायीचं?"

"तेही नाही."

"म्हंजे माह्यावरच." मिस्त्रींनी पाना उचलून पेटीत टाकला. "लायसन गेलं ना बाबू, तर माह्या साळ्याच्या दुकानात सायकलीचे पंक्चर काढाचे. विमानाले हात लावलेला मानूस मी. पंक्चर काढताना पोट्टे वर पाहून म्हनतीन, चाचा, ते पाह, तुमचं विमान चाललं!"

ते दोन दिवस जेवले नाहीत. मडावीभाऊंनी विचारलं, "काऊन गा मिस्त्री, रोजा आहे का?"

मिस्त्री म्हणाले, "नाई. पत्र आहे."

*

त्या पत्रानंतर विमानाचा आवाज आला, की आम्ही हातातलं काम टाकायचो. मी दगड मोजायचो. मिस्त्री शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बघायचे नाहीत, फक्त ऐकायचे. मुरमावरचा टायरांचा आवाज ऐकून ते अचूक सांगत, "नवव्यापाशी थांबलं." कधी म्हणत, "आज साडेदहा." साडेदहा म्हणजे त्या दिवशी मिस्त्री भाकरीचा अर्धा तुकडा खाणार.

मडावीभाऊंनी मात्र वेगळाच बंदोबस्त केला. एका सकाळी बघतो तर बारावा दगड शेंदरानं लालभडक!

"हे काय भाऊ?"

"त्याले सांगून ठेवलं," मडावीभाऊ म्हणाले. "म्हनलं, देवा, येकडे येऊ देऊ नको. तू आता सरकारी दगड नाईस."

नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब तपासणीला आले. चालत चालत बाराव्या दगडाशी पोचले. अकरा पांढरे, एक लाल! साहेब थबकले. मी दोन पावलं मागे. मिस्त्री तर मोहाच्या झाडाआड.

"हे कोणी केलं?"

मडावीभाऊ पुढे झाले. "मीच केलं सायेब."

साहेबांनी वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शिका! चौकीदार असून धोक्याची खूण लाल असते हे याला कळतं. तुम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नाही!"

पुढे हेडऑफिसाकडून लाल रंगाचा डबा आला. मडावीभाऊंनी तो दगडाला लावायला साफ नकार दिला. "तेल-शेंदूर चालते. रंग कसा चालन?"

*

मग ते मासिक आलं.

मिस्त्रींचे लढाईतले एक जुने साहेब आता कुठल्याशा मोठ्या कारखान्यात होते. अधूनमधून ते मिस्त्रींना परदेशी मासिकं पाठवत. त्यातल्या एकात जेट विमानाचं चित्र होतं. मिस्त्रींना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण यंत्राचं चित्र ते कुराणासारखं वाचत. मी मजकूर वाचून सांगू लागलो, तर म्हणाले, "थांब बाबू. मले दिसून राह्यलं."

दोन मिनिटांत उठले, मडावीभाऊंच्या घरून दोन सुपं घेऊन आले.

"हे पाह. जेटले पंखा नाई. मांगून हवा सोडते जोरात, म्हनून विमान पुढं पळते. बराबर?"

"बरोबर."

"आता उतरलं. थांबाचं आहे. मंग का करते, मांगच्या भोकावर दोन झाकनं असे लावते." मिस्त्रींनी दोन्ही सुपं ओंजळीसारखी जुळवली. "हवा झाकनावर आपटते आन उलटी पुढं फेकली जाते. पुढं हवा, म्हंजे विमान मांगं ढकललं! ब्रेक नाई, टायर नाई, दव नाई, काई नाई! हवा तीच बाबू. फक्त तोंड फिरवाचं!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. मडावीभाऊ सुपांकडे बघत म्हणाले,

"ते सर्व ठीक आहे गा. पन आपल्या विमानाले तर पंखेच आहेत."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. मग मडावीभाऊ म्हणाले, "आन सूप घरी द्या लागते. बुढी धान पाखडून राह्यली होती."

*

पण डोक्यात शिरलेली हवा अशी निघत नाही. मिस्त्रींनी पहिला प्रयोग कंपनीच्या जीपवर केला. धुराची नळी मागून काढून, वाकवून, थेट पुढे आणली. हिशोब सरळ होता. धूर पुढे फेकला, की जीप मागे ढकलली जाईल.

चाचणीला गाडी चालवायला मी. काच खाली पाडलेली, पट्टीवर भरधाव. "सोड!" असं मिस्त्री ओरडले. मी धुरासाठी ॲक्सिलरेटर ठोकून दाबला. पुढचा सगळा धूर वाऱ्यानं माझ्या तोंडावर!

शेडपाशी उतरलो तेव्हा मडावीभाऊंनी मला ओळखलं नाही. म्हणाले, "कोन पायजे? बाबू गाडी घेऊन गेले आहेत."

मिस्त्रींनी मात्र एवढंच विचारलं, "थांबली का?"

म्हटलं, "जीप नाही थांबली. माझा श्वास थांबला."

*

दुसरा प्रयोग मोठ्या साहेबांसमोर झाला. 

ब्रह्मपुरीकडच्या एका बंद पडलेल्या धानगिरणीतून मिस्त्रींनी कोंडा उडवायचा मोठा पंखा आणला. तो हातगाडीवर बसवला, त्याला पाण्याच्या पंपाचं इंजिन जोडलं. मागे टिनाची नळी, नळीच्या तोंडाशी बिजागरीवर दोन सुपं. ही सुपं नवीन होती, मडावीभाऊंच्या बुढीनं स्वतः उभं राहून खात्री केली. दोरी ओढली की सुपं मिटायची.

साहेबांनी पट्टी बंद करायचं जवळजवळ ठरवलंच होतं. मिस्त्री हात जोडून म्हणाले, "सायेब, एक डाव पाहून घ्या. आपल्या विमानाले हे बसत नाई, मले मालूम आहे. पन उद्या जेट आलं तर आपली पट्टी चालन, एवढं तरी हेडऑफिसले सांगा."

साहेबांनी मान हलवली. मिस्त्रींनी त्यांना हातगाडीच्या मागे, जीपजवळ, सुरक्षित जागी उभं केलं.

इंजिन धडधडलं. नळीतून हवा सुटली, आणि हातगाडी खरंच चालू लागली! दुसरा दगड. मिस्त्री दोरी धरून बाजूनं पळताहेत. तिसरा दगड. गाडी आता चांगलीच पळायला लागली. मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हणून दोरी ओढली. सुपं खाडकन मिटली. गाडी डगमगली, मंदावली, आणि थांबली!

ब्रेकशिवाय! मी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननी वाजवल्या. साहेबांचाही एक हात दुसऱ्या हाताकडे निघाला होता.

आणि गाडी उलटी निघाली.

दोरी अडकली होती. सुपं उघडेनात, इंजिन बंद होईना. पुढे फेकली जाणारी हवा गाडीला मागे ढकलत होती, आणि मागे उभे होते साहेब! तिसऱ्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ती रमतगमत आली. दुसऱ्यापासून पुढे तिनं मनावर घेतलं. साहेब आधी बाजूला सरकले, गाडीही सरकली. साहेब पळाले. बूट, टोपी, वही, सगळं वाटेत! शेवटी जीपच्या बॉनेटवर चढले, तेव्हा गाडी जीपला येऊन धडकली आणि सुपांचे तुकडे होऊन शांत झाली.

 मिस्त्री सुपांचे तुकडे गोळा करू लागले. साहेब बॉनेटवरूनच म्हणाले,

"मिस्त्री, थांबवणं तुम्हाला जमलं. आता थांबवणं कुठे थांबवायचं, तेवढं शिकून घ्या."

कॅप्टन पिंगळे मात्र हातगाडीभोवती फिरत होते. वाकून नळी बघत पुटपुटले, "थांबल्याबरोबर सोडायला हवं. नाहीतर माघारी येतं. हं."

जाताना साहेब माझ्याजवळ म्हणाले, "ते पत्र फाइलच्या सगळ्यात वर ठेवा."

*

पावसाळ्यात विमान एक आठवडा पट्टीवर अडकून पडलं. आम्ही शेडमध्ये बसून भिजलेली पट्टी बघत होतो. मिस्त्रींचं काम एकच. ब्रेक रोज उघडायचे, रोज लावायचे, आणि उघडण्याआधी रोज नखं कुरतडायचे. कॅप्टन बशीशिवायचा चहा पीत होते. त्यांनी सहज विचारलं,

"मडावीभाऊ, तुमच्या बंडीला ब्रेक कुठे असतो हो?"

"बंडीले कुठचा ब्रेक सायेब?"

"मग सागाचे ओंडके घेऊन नदीच्या दरडीवरून खाली कसे उतरत होता?"

"सीधा उतार असला तर बैल धरते. पन प्रानहितेची दरड लय उभी. बंडी बैलाच्या अंगावर जाते, बैल मरते. तिथी आमी बंडी फिरवतो."

"फिरवता म्हणजे?"

मडावीभाऊंनी दोन काड्या घेऊन जमिनीवर दाखवलं. "बंडी खालच्या अंगानं. बैलाचं तोंड वरतं, गावाकडे. बंडी खाली जाते, बैल वरतं ओढते. हाकलाचं वरतं, उतराचं खालतं. हळूहळू खाली येतो."

मिस्त्री फणकारले, "बुढा, ते बंडी आहे. हे डाकोटा आहे!"

"मी कुठी म्हनलं विमान आहे म्हून? सायेबानं बंडीचं विचारलं."

कॅप्टन काड्यांकडे बघत होते. म्हणाले, "बैल घाबरत नाहीत?"

"बैल काऊन घाबरन सायेब? त्याले पुढं गाव दिसते. मांगचा खड्डा त्याले दिसतच नाई. घाबरते तो बंडीवर बसलेला मानूस. अन् खाली पोचलं, की पयले बैलाले मोहफुलं द्याचे. ओंजळ-ओंजळ. मंग आपन पानी प्याचं. ते चुकलं तर दुसऱ्या डावाले बैल उभा राहत नाई."

कॅप्टननी तिसरा चहा मागितला. मिस्त्री पुन्हा ब्रेक उघडायला गेले.

*

आता शेवटचा किस्सा.

पावसानं रेल्वेचा रूळ कुठेतरी वाहून गेला होता, आणि मोठ्या साहेबांना पट्टीबद्दलचा निर्णय जागेवर येऊन द्यायचा होता. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा ते विमानात बसले. विमानांवर इतकी पत्रं लिहिणारा माणूस, आणि आज पहिल्यांदा!

दुपारी आवाज आला. मिस्त्री सवयीनं भिंतीकडे वळले. पण विमान उतरेना. एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला शेडवरून जाताना त्यानं पंख डावी-उजवीकडे हलवले.

ही खूण आमची ठरलेली होती. ब्रेकचं तेल गेलं! नागपूरहून उडताना चाकाखालचा एक दगड उडून तेलाच्या नळीवर बसला होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की ब्रेक नाहीत, पट्टी ओली आहे, उत्तरेकडे काळंकुट्ट आभाळ आहे, म्हणजे परत जाता येत नाही.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते भिंतीपासून वळले आणि पळत सुटले. ज्या माणसानं इतके महिने विमान उतरताना पाहिलं नाही, तो थेट बाराव्या दगडाशी जाऊन उभा राहिला! मी आणि मडावीभाऊ मागोमाग. तिथे पोचल्यावर कळलं, की तिथे उभं राहून करण्यासारखं काहीच नाही.

"मिस्त्री, बाजूला व्हा!"

"नाई होत," मिस्त्री म्हणाले. "इतके महिने पाह्यलं नाई. आता पाहतो."

विमान आलं. पहिल्याच दगडाशी टेकलं. इतकं नेमकं टेकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण थांबायला काही नव्हतंच. तीन... चार... चिखलाचे फवारे. सहा... सात... आठव्याला वेग जरा कमी, नवव्याला आणखी जरा कमी, पण पुरेसा कुठे! दहा. माझे डोळे मिटायला लागले, तर मडावीभाऊंनी माझा दंड असा धरला, की मिटताच येईनात.

अकराव्या दगडाआधी एक इंजिन एकदम ओरडलं. एकच! दुसरं गप्प. विमानाचं नाक हललं, वळू लागलं, एक पंख जमिनीला टेकतो की काय असा झुकला, चाकांखालून चिखल भिंतीसारखा उठला, आणि अख्खं विमान गरकन फिरलं! आता शेपूट आमच्याकडे, नाक चांद्याकडे, आणि ते तसंच घसरत येत होतं. उलटं! शेपूट पुढे करून, नाल्याकडे!

आणि मग दोन्ही इंजिनं मिळून गरजली.

विमान चांद्याकडे जायला निघालं होतं आणि नाल्याकडे येत होतं! पंख्यांची सगळी हवा शेपटीवरून आमच्या अंगावर. माझी टोपी गेली ती आजवर सापडलेली नाही. मोहाच्या झाडाची पानं फांद्यांवरून सोलून निघाली, झुडपं नाल्यात लोळली, मिस्त्री शेंदराच्या दगडाला मिठी मारून बसले. शेपूट आमच्या समोरून सरकत गेलं, झुडपांत गेलं, मोहाच्या पलीकडे गेलं, हळू, आणखी हळू... शेपटीचं चाक कडेच्या मातीवर टेकलं. दोन ढेकळं निखळली. नाल्यात पडल्याचा आवाज मला इंजिनांच्या गर्जनेतही आला, असं मी शपथेवर सांगतो.

विमान थांबलं.

मग पुढे, चांद्याच्या दिशेनं, हातभर सरकलं. त्याच क्षणी दोन्ही इंजिनं बंद झाली.

 दार उघडलं. कॅप्टन उतरले. मिस्त्रींपाशी आले, त्यांना दगडापासून सोडवून उभं केलं, आणि आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले,

"हवा तीच, मिस्त्री. फक्त तोंड फिरवलं."

मागून मोठे साहेब उतरले. एका हातानं शिडी, दुसऱ्या हातानं पुन्हा शिडी. जमिनीवर पाय टेकले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. शेपूट नाल्यावर, खाली काळे खडक.  मग म्हणाले,

"बाबू. ते पत्र."

 मिस्त्रींनी मान खाली घातली. मी पाठ असलेलं म्हणून दाखवलं. "विमानाचे नाक तिसऱ्यांदा बाराव्या दगडापुढे गेल्यास..."

"थांबा." साहेबांनी हात वर केला. ते चालत विमानाच्या नाकापाशी गेले. तिथून दगडाकडे पाहिलं. दगडापासून नाकाकडे पाहिलं. "मिस्त्री, नाक कुठे आहे?"

"दगडाच्या अलीकडे, सायेब. तीन हात." मिस्त्रींचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पत्रात शेपटीबद्दल मी काही लिहिलंय का हो बाबू?"

"एक अक्षर नाही साहेब."

"नक्की?"

"नक्की."

"मग चहा आणा," साहेब म्हणाले, आणि तिथेच चिखलात, दगडाशेजारी खाली बसले.

मिस्त्री नाल्याकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. त्यांच्याकडे कोणीच पाहिलं नाही. मी चहा आणला. कॅप्टनना बशी नव्हतीच. साहेबांनाही दिली नाही.

तेवढ्यात मडावीभाऊ शेडमधून परत आले. धोतराच्या ओच्यात काहीतरी होतं. ते सरळ विमानासमोर गेले. डाव्या इंजिनापुढे एक ओंजळ वाळलेली मोहफुलं ठेवली. उजव्यापुढे एक ओंजळ. गरम पत्र्यावर दोन्हीकडे एकेक थाप मारली.

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला. "हे काय?"

मडावीभाऊ म्हणाले, "तुमी का पिऊन राह्यले सायेब? पयले त्याईले तर खाऊ द्या!"

साहेबांनी कप खाली ठेवला. कॅप्टननी त्याच्या आधीच ठेवला होता.